ऑफिसात विंडोज, घरी लिनक्स मिंट: व्हीएस कोडचे शॉर्टकट दोन्हीकडे सारखे कसे करायचे?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा, घरचा लिनक्स मिंटचा (सिनॅमन डेस्कटॉप), आणि दोन्हीकडे व्हीएस कोड हाच एडिटर वापरते. दिवसा पायथन, संध्याकाळी एका ओपन सोर्स प्रोजेक्टच्या मदत-पानांचं मराठी भाषांतर, तेही मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकूर मांडायची पद्धत). एडिटर एकच आहे पण बोटांना दोन सवयी लावून घ्याव्या लागतायत आणि त्याचा आता खरंच त्रास होतो.

विंडोजवर शिफ्ट+ऑल्ट+खालचा बाण दाबला की चालू ओळीची कॉपी खाली येते. घरी तेच दाबलं की कॉपी वगैरे काही नाही, खालच्या ओळीवर दुसरा कर्सर उभा राहतो आणि मग टाइप करावं ते दोन्ही ओळींत उमटत जातं, लक्षात येईपर्यंत अर्धं वाक्य झालेलं असतं. फॉरमॅट करायला तिकडे शिफ्ट+ऑल्ट+एफ, इकडे कंट्रोल+शिफ्ट+आय. कंट्रोल+ऑल्ट+खालचा बाण तर घरी एडिटरपर्यंत पोचतच नाही, उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या पसरून समोर येतात.

सेटिंग्ज सिंक (एका मशीनवरच्या सेटिंग्ज दुसऱ्यावर आणणारी सोय) चालू केलंय. थीम आली, एक्स्टेन्शन्स आली, पण ऑफिसात बदललेले शॉर्टकट घरी आले नाहीत.

शिवाय मराठीचं वेगळंच. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लेआउट वापरते, लिनक्सवर आयबस या भाषा-टायपिंगच्या प्रोग्रॅममधून. मराठी लेआउट चालू असताना कंट्रोल+स्लॅशने कॉमेंट होईलच याची खात्री नाही, आणि कंट्रोल+पूर्णविराम दाबून क्विक फिक्स (दुरुस्तीच्या सूचनांची यादी) उघडायला गेलं तर अधोरेखित रोमन ई उमटतो.

तर दुसऱ्या एडिटरचे शॉर्टकट आणणारं एखादं कीमॅप एक्स्टेन्शन टाकून सगळंच एकदम बदलून टाकावं, की शॉर्टकटांची फाईल हाताने लिहावी? आणि बदलायचे तर किती बदलावेत?

रानवारा

माझ्या मते सरळ इंटेलिजे या एडिटरचं कीमॅप एक्स्टेन्शन टाका, एका फटक्यात दोन्हीकडे बऱ्यापैकी सारखं होतं आणि उद्या पायचार्म (त्याच घराण्यातला पायथनचा एडिटर) घेतलं तरी हात तयार. मी तसंच करतो.

घाटमाथा

ताई, कीमॅप एक्स्टेन्शनचा सल्ला ज्याचा हात आधीच दुसऱ्या एडिटरवर बसलाय त्याला ठीक आहे, तुमचा बसलाय व्हीएस कोडवर. इंटेलिजेच्या विंडोज कीमॅपमध्ये कंट्रोल+डी म्हणजे ओळीची डुप्लिकेट आणि कंट्रोल+वाय म्हणजे ओळ डिलीट. तुमच्या हाताला कंट्रोल+डी म्हणजे तोच शब्द पुढे जिथे असेल तो निवडणे आणि कंट्रोल+वाय म्हणजे रीडू, मागे घेतलेलं पुन्हा करणे. रीडू करायला गेलात आणि ओळ उडाली तर काय वाटेल बघा. चार की जुळवायला शंभर की हलवायच्या, हे मला पटत नाही. फाईल हाताने लिहा, दहा-पंधरा ओळींचं काम आहे.

आधी सिंकचं. शॉर्टकट आले नाहीत कारण सिंक प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी शॉर्टकट वेगळे ठेवतं, आणि ते मुद्दामच तसं आहे, मॅकवर कमांड की असते तिथे विंडोजची फाईल जशीच्या तशी चालणार नाही म्हणून. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘कीबाइंडिंग्ज पर प्लॅटफॉर्म’ शोधा, त्यावरची खूण काढा. काढण्याआधी दोन्ही मशीनवरच्या फाईलींची कॉपी बाजूला ठेवा म्हणजे एकीने दुसरी पुसली जायची भीती नाही. फाईलचं नाव कीबाइंडिंग्ज डॉट जेसन, कमांड पॅलेटमधून (कमांड शोधायची पट्टी) ‘ओपन कीबोर्ड शॉर्टकट्स’ मधला जेसनवाला पर्याय निवडला की उघडते.

आता ती फाईल वाचली कशी जाते ते एकदा नीट समजून घ्या, कारण निम्मे घोळ इथेच होतात. एडिटर नियम खालून वर बघत जातो, दाबलेली की जुळली आणि अटही जुळली की तिथे थांबतो. तुमचे नियम मूळ नियमांच्या खाली जोडले जातात म्हणून तुमचेच आधी जिंकतात, मूळचं काही पुसावं लागत नाही. पण ‘व्हेन’ ची अट (नियम कधी लागू व्हावा ते) जर अरुंद ठेवलीत, समजा फक्त मार्कडाउन फाईलपुरती, तर पायथनच्या फाईलमध्ये ती अट जुळत नाही, शोध आणखी वर सरकतो आणि जुनाच मूळ नियम लागू होतो. लोक म्हणतात शॉर्टकट कधी चालतो कधी चालत नाही, तो बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. मूळचा नियम खरोखर नकोच असेल तर त्याच कीचा आणखी एक नियम लिहायचा आणि कमांडच्या नावाआधी वजाचं चिन्ह लावायचं, मग तो त्या कीवरून सुटतो.

तुमच्या बाणांचं उदाहरण घेऊ. शिफ्ट+ऑल्ट+डाउन ला ‘एडिटर डॉट ॲक्शन डॉट कॉपीलाइन्सडाउनॲक्शन’ द्या, अट ‘एडिटरटेक्स्टफोकस’, आणि ती ओळ दोन्हीकडच्या समाईक फाईलमध्ये राहू द्या. विंडोजवर ती मूळचंच पुन्हा सांगते, काही बिघडत नाही, लिनक्सवर दुसऱ्या कर्सरला बाजूला सारते. वरच्या बाणाचीही तशीच एक ओळ. लिनक्सवर दुसऱ्या कर्सरसाठी कंट्रोल+शिफ्ट+बाण मुळातच आहे, त्यामुळे तो हरवत नाही. कमांडची लांबलचक नावं टाइप करत बसू नका, कंट्रोल+के कंट्रोल+एस दाबून शॉर्टकटांची यादी उघडा, हव्या त्या ओळीवर राइट क्लिक करून ‘कॉपी कमांड आयडी’ घ्या. तिथेच ‘शो सेम कीबाइंडिंग्ज’ आहे, त्या कीवर आणखी कोण कोण बसलंय ते दिसतं, नवीन की ठरवण्याआधी हे बघायचंच.

कंट्रोल+ऑल्ट+बाण घरी पोचत नाही कारण सिनॅमन ती की स्वतःकडे ठेवतं, खालचा बाण खिडक्या पसरायला आणि वरचा वर्कस्पेस दाखवायला. एडिटरला ती की दाबल्याचं कळतही नाही, त्यामुळे फाईलमध्ये काहीही लिहा, उपयोग शून्य. सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये शॉर्टकट्सच्या टॅबवर जाऊन तिथून ती मोकळी करा. कोण की खातंय कळत नसेल तर कमांड पॅलेटमध्ये ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालू करा, दाबलेली प्रत्येक की खाली लॉगमध्ये दिसते आणि कुठल्या नियमाशी जुळली तेही दिसतं. लॉगमध्ये की आलीच नाही तर एडिटरला दोष देऊ नका, डेस्कटॉप, आयबस नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बघा. जुन्या इंटेल ड्रायव्हरांत हेच कंट्रोल+ऑल्ट+बाण स्क्रीन उलटी करायला होते.

सह्यकडा

घाटमाथा यांनी फाईलचं छान सांगितलंय. मी किती बदलावेत यावर लिहितो कारण मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

मी ईमॅक्सवाला आहे, वर्षानुवर्षं तोच एडिटर वापरतो. ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये एक नियम लिहून ठेवलाय, कंट्रोल+सी आणि मग एक साधं अक्षर, हा सगळा पट्टा वापरणाऱ्याचा, कुठल्याही पॅकेजने त्याला हात लावायचा नाही. एफ५ ते एफ९ सुद्धा तसेच राखीव. त्यामुळे नवीन पॅकेज टाकलं, जुनं काढलं, आवृत्ती बदलली तरी मी ठरवलेले शॉर्टकट जागचे हलत नाहीत. सारखेपणा म्हणजे माझ्या लेखी हाच, दोन मशीनवर आज सारखं दिसणं एवढंच नाही, पुढच्या अपडेटनंतरही तसंच राहणं.

व्हीएस कोडमध्ये असा राखीव पट्टा कोणी दिलेला नाही म्हणून तो स्वतःच आखून घ्यावा लागतो. ऑफिसात मला व्हीएस कोड वापरावं लागतं तिथे मी कंट्रोल+एम घेतलंय, कंट्रोल+एम आणि मग अक्षर. एफ फॉरमॅट, सी कॉपी लाइन, आर रीनेम, टी टर्मिनल. मूळचं कंट्रोल+एम टॅब कीने फोकस हलवायचं की नाही ते ठरवतं, जे लोक स्क्रीन रीडरवर किंवा फक्त कीबोर्डवर काम करतात त्यांना ते लागतं, त्यांनी दुसरी की निवडावी. ऑल्ट+अक्षर घेऊ नका, विंडोजवर मेनू उघडतात. कंट्रोल+ऑल्ट+अक्षरही नको, विंडोज कंट्रोल+ऑल्टला ऑल्ट-जीआर (जादा चिन्हं उमटवणारी की) समजतं आणि मराठी लेआउटवर त्या थरात चिन्हं असतात.

एक पथ्य मात्र पाळा, कंट्रोल सोबतच्या झेड, एक्स, सी, व्ही, एस, एफ यांना अजिबात धक्का लावू नका. झेड-एक्स-सी-व्ही हे १९८४ च्या मॅकिंटॉशच्याही आधीपासून, ॲपलच्या लिसापासून चालत आलेत आणि ब्राउझर, मेल, ऑफिसची सॉफ्टवेअरं सगळीकडे तेच आहेत. आयबीएमने १९८७ मध्ये शिफ्ट+डिलीट, कंट्रोल+इन्सर्ट, शिफ्ट+इन्सर्ट असा आपला वेगळा संच ठरवला होता, तो विंडोजवर आजही चालतो पण फार कमी लोकांच्या बोटांत आहे. एडिटरमधला सारखेपणा साधताना बाकी सगळ्या प्रोग्रॅमशी असलेला सारखेपणा मोडला तर काय मिळवलं?

रानवारा

कंट्रोल+एम आणि मग अक्षर म्हणजे दर वेळी दोन दाब. ओळ कॉपी करणं मी दिवसात इतक्यांदा करतो की मला ते जमणार नाही.

सह्यकडा

रानवारा, बरोबर आहे, म्हणून जे काम सतत लागतं ते बाणांवरच ठेवा, घाटमाथा यांनी सांगितलं तसं. दोन दाब त्या कामांना जी तासातून एखादवेळी लागतात पण नेमकी कुठली की ते आठवत नाही. फॉरमॅटला एफ आणि रीनेमला आर हे लक्षात ठेवावं लागत नाही, हा खरा फायदा.

बाराखडी

पाटीपेन्सिल, तुमचा मराठीचा भाग कोणी घेतला नाही म्हणून लिहिते. मीही इनस्क्रिप्टवरच आहे.

अधोरेखित ई हा आयबसचा इमोजी शोध आहे. काही आवृत्त्यांत त्याची की कंट्रोल+पूर्णविराम आहे, त्याआधी कंट्रोल+शिफ्ट+ई होती, आणि योगायोगाने दोन्ही व्हीएस कोडला हव्या असतात, एक क्विक फिक्सला आणि दुसरी एक्सप्लोररला. आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये इमोजीचा टॅब आहे तिथे ती की काढून टाका किंवा दुसरी द्या. हा प्रश्न आयबसचा आहे, व्हीएस कोडमध्ये शोधून सापडणार नाही, मराठी टाइप न करणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं तर त्याच्याकडे बहुधा तो येतही नाही.

कंट्रोल+स्लॅशचं असं की इनस्क्रिप्टमध्ये स्लॅशच्या जागी य आहे. अर्धविरामाच्या जागी च, अवतरण चिन्हाच्या जागी ट, चौकटी कंसाच्या जागी ड. शॉर्टकट जर अक्षरावरून ओळखला जात असेल तर मराठी लेआउटवर स्लॅश नावाचं काही शिल्लकच राहत नाही. पूर्णविराम आणि स्वल्पविराम मात्र जागेवर आहेत. यावर पक्का उपाय म्हणजे नियमात अक्षराऐवजी कीची जागा लिहायची, म्हणजे कंट्रोल अधिक, आणि मग चौकटी कंसात ‘स्लॅश’ हा शब्द. असं लिहिलं की लेआउट मराठी असो, इंग्रजी असो, जर्मन असो, उजव्या शिफ्टच्या शेजारची ती की दाबली की कॉमेंट होणार. अक्षरांनाही तसंच, चौकटी कंसात ‘कीएफ’, ‘कीआर’. सह्यकडांचा कंट्रोल+एम वाला पट्टा घेणार असाल तर पहिली आणि दुसरी दोन्ही की अशाच लिहा, नाहीतर मराठी चालू असताना कंट्रोल+एम नंतरचा एफ म्हणजे ि होतो. लिनक्सवर एवढं करूनही अडलं तर ‘कीबोर्ड डॉट डिस्पॅच’ ही सेटिंग ‘कीकोड’ करून एडिटर पुन्हा सुरू करून बघा.

आणि ऑफिसच्या विंडोजवर दोन भाषा टाकल्या असतील तर डावं ऑल्ट+शिफ्ट भाषा बदलतं. शिफ्ट+ऑल्ट+बाण दाबायला गेलात आणि बाण दाबण्याआधीच बोट उचललं तर लेआउट मराठी होऊन बसतो. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज मध्ये जाऊन ते काढून टाका, भाषा बदलायला विंडोज+स्पेस आहेच, आणि मिंटवरही सुपर+स्पेस ठेवलंत की तीही सवय एकच होते.

पाटीपेन्सिल

खूप खूप आभार सगळ्यांचे. घरी सिनॅमनमधून दोन्ही बाण मोकळे केले, इमोजीची की काढली, ओळ कॉपीचे दोन नियम आणि चौकटी कंसवालं कंट्रोल+स्लॅश टाकलं. बाराखडी, मराठी लेआउटवर कॉमेंट आता दर वेळी होतेय! कंट्रोल+एम वर सध्या फक्त एफ आणि आर ठेवलेत, लागेल तसे वाढवेन.

दोन गोष्टी राहिल्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर आता सिंकसाठी साइन इन करायला परवानगी नाही म्हणतायत, तर फाईल तिथे कशी न्यायची? आणि एडिटरमधल्या टर्मिनलमध्ये कंट्रोल+के दाबून कर्सरपुढचं पुसायची सवय आहे, ते तिथे होत नाही, खाली काहीतरी पुढची की दाबा असं येतं.

घाटमाथा

फाईल गिट रिपॉझिटरीत (बदलांची नोंद ठेवणारा साठा) ठेवा, सिंकपेक्षा मला तेच आवडतं, कुठला नियम का टाकला ते कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लिहिता येतं. फाईलमध्ये कॉमेंटही चालतात. जागा लिनक्सवर होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिग मध्ये ‘कोड’ आणि त्यात ‘युजर’, विंडोजवर ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये ‘कोड’, ‘युजर’. लिनक्सवर सिमलिंक (मूळ फाईलकडे नेणारा दुवा) करून टाका. ऑफिसच्या मशीनवर बाहेरची रिपॉझिटरी चालते का ते आधी विचारा, नसेल चालत तर एवढीशी फाईल आहे, स्वतःलाच मेल करा आणि पेस्ट करा.

टर्मिनलचं कारण कंट्रोल+के हे व्हीएस कोडमध्ये दोन दाबांच्या शॉर्टकटांची सुरुवात आहे, म्हणून तो दुसऱ्या कीची वाट बघत थांबतो आणि शेलपर्यंत (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, जसा बॅश) काही जात नाही. सेटिंग्जमध्ये टर्मिनलचं ‘अलाउ कॉर्ड्स’ बंद करा, मग टर्मिनलमध्ये असताना कंट्रोल+के थेट बॅशला जाईल. फक्त मग तुमचं कंट्रोल+एम सुद्धा टर्मिनलमध्ये चालणार नाही, तिथे ते एंटरसारखं वागेल. एफ आणि आर तसेही एडिटरमध्येच लागतात, त्यामुळे तुम्हाला अडू नये.