पडत्या काळात देवाधर्माचा आधार वाटला का? सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव सांगा

सांगली, गावभाग

नमस्कार. सुरुवात माझ्यापासूनच करते.

नदी आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. पाऊस लागला की आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या लहान पोरांनासुद्धा पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. त्या अंदाजानं सगळं सामान वर चढवून आम्ही विश्रामबागला नणंदेकडे गेलो. पाणी त्या खुणेच्याही बरंच वर चढलं.

परत आलो तेव्हा फ्रिज आडवा पडलेला, गहू कुजून आंबलेला आणि घोट्याएवढा गाळ. कशाला हात लावावा तेच सुचेना. सासूबाई मात्र थेट देवघराच्या कोपऱ्यात बसल्या आणि गाळ चाचपायला लागल्या. पाचपैकी चार टाक सापडले. त्यांनी शेजारणीकडून चिंच मागून घेतली, भिजवली आणि अंगठ्यानं एकेक टाक घासायला लागल्या. मला खरंच राग आला. घराची कागदपत्रं लगद्यासारखी झाली होती आणि ह्यांचं हे चाललंय! मी बोलले तसं. वर न बघता त्या म्हणाल्या, "एवढं तरी माझ्या हातानं स्वच्छ होतंय, तेवढं होऊ दे."

मग मीही खाली बसले. दोन टाक मी घासले. त्यानंतर उठून फावडं हातात घेतलं. जोतिबाचा टाक काही मिळाला नाही. त्याच्या जागी सुपारी मांडली होती, ती अजून तशीच आहे. नवीन टाक करून घेऊ म्हटलं तर सासूबाई नको म्हणतात.

देव नवसाला पावल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो, त्याही जरूर सांगा. पण जिथं तो पावला नाही, तिथं पुढं तुम्ही काय केलंत, हे ऐकायची मला जास्त ओढ आहे. देव न मानणाऱ्यांनीही लिहा. फक्त एकमेकांची श्रद्धा खोडून काढायला नको.

तासगाव तालुका, द्राक्ष बागायतदार

ताई, २०१९ आम्हालाही भोवलं. तुमच्याकडं पूर, आमच्याकडं त्यानंतरचा परतीचा पाऊस. फळछाटणी सप्टेंबरच्या शेवटाला घेतली होती. बाग फुलोऱ्यात आली आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. डावणी, म्हणजे बुरशीचा रोग पडला, घड कुजायला लागले. ट्रॅक्टर बागेत रुतायचा म्हणून पाठीवर पंप घेऊन दिवसातून दोन-दोनदा फवारण्या केल्या. त्या दिवसांत मी मनातल्या मनात खरसुंदीच्या सिद्धनाथाला बोललो, "बाग वाचव, पायी येतो." घरात फक्त आईला सांगितलं होतं.

बाग गेली. दीड एकरातनं बेदाण्यापुरतासुद्धा माल निघाला नाही.

पौषात वडील म्हणाले, "नवस फेडायला कधी निघायचं?" आईनं सांगितलं असणार. मी म्हटलं, "कसला नवस? बाग वाचली तर जाणार होतो." त्यावर ते एवढंच म्हणाले, "जातो म्हणलास नव्हं? मग जायाचं." वय अडुसष्ट. पहाटे धोतर खोचून, काठी घेऊन दारात उभे. माझा नाइलाज झाला.

दोन दिवस चाललो. पहिल्या दिवशी आम्ही दोघं जेमतेम चार वाक्यं बोललो असू. रात्री विट्याजवळ एका ओळखीच्या गलाईवाल्याच्या घरी मुक्काम केला. ती माणसं वर्षाचे दहा महिने परराज्यात सोनं-चांदी गाळायला असतात, घराची किल्ली शेजारी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, कसं कोण जाणे, मी सांगून टाकलं. सोसायटीचं कर्ज वडिलांना माहीत होतं. खासगी सावकाराचं माहीत नव्हतं. दोन वर्षं मी ते लपवलं होतं आणि त्यापायी रात्री उठून बागेत जाऊन बसायचो. डोक्यात नको नको ते विचार यायचे.

वडील चालतच राहिले. मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलायचेच नाहीत. पुढं एका ओढ्यापाशी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा म्हणाले, "आकडा सांग."

मी सांगितला. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, म्हणाले, "खालचं रान दिऊ. तुझ्यापेक्षा ते मोठं न्हाय." देवळात पोचलो तेव्हा माझं मागायचं काही उरलं नव्हतं. नारळ फोडला, सभामंडपात पडून तासभर गाढ झोपलो. इतक्या महिन्यांत तशी झोप लागली नव्हती.

खालचं रान गेलं, सावकार फिटला. एप्रिलला खरड छाटणी घेतली. बाग अजून आहे. सिद्धनाथानं काय केलं, काय नाही, मला सांगता येत नाही. पण वडील चालायला उठले नसते तर मी ते कुणालाच सांगितलं नसतं. ज्यांच्या मनावर असं ओझं आहे, त्यांनी निदान घरातल्या एका माणसाला सांगा, हात जोडून विनंती आहे.

आटपाडी तालुका

२०१२-१३ चा दुष्काळ. आम्ही जनावरं घेऊन चारा छावणीत राह्यलो, कितीतरी महिने. बायको-पोरं घरी, मी आणि माझा बाप बैलांजवळ. दिवसभर काम असं नाही. उसाचं वाढं आलं की टाकायचं, टँकर आला की पाणी भरायचं, बाकी वेळ आभाळाकडं बघायचं. हे बघणंच माणसाला खातं. कुणीतरी गावातनं टाळ आणले, एकानं पखवाज आणला. रोज रात्री भजन सुरू झालं. ज्याला यायचं त्यानं यायचं. एखादा चार दिवस आला नाही की दोघं जण उठून त्याच्या दावणीला जायचे, "का रं, आजारी हायस का?" पाऊस त्यानं पडला नाही. पण आमच्या छावणीतला एकही माणूस एकटा पडला नाही.

सातारा शहर, निवृत्त शिक्षक

मी देव मानत नाही. तीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या दिवसाबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी त्यांनी किती वर्षं खेटे घातले, हे आम्ही जवळून पाहिलं आहे.

माझ्या पत्नीला कॅन्सर झाला तेव्हा जवळच्याच एका नातेवाइकानं केमो थांबवून अंगारा घ्यायला सांगितलं. मी त्यांना घराबाहेर काढलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तुम्ही कुणीही, कितीही श्रद्धाळू असा, औषध सोडू नका आणि कुणाला सोडायला लावू नका.

पण पत्नीचा देवावर विश्वास होता. चौथ्या केमोनंतर तिला सज्जनगडावर जायचं होतं. मी घेऊन गेलो. पायऱ्यांवर दर वळणाला थांबत, माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चढली. ती समाधीपुढं बसली तेवढा वेळ मी कड्याच्या बाजूला उरमोडी धरणाचं पाणी बघत उभा होतो. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा निवांत होता. तिनं प्रसादाचा आमटी-भात मागून घेऊन खाल्ला. घरी दोन घास जात नव्हते. माझं मत तेच आहे. फक्त त्या दिवसापासून कुणाच्या देव्हाऱ्यासमोर मी वाद काढत नाही.

२०१८ मध्ये ती गेली. तिच्या संमतीनं नेत्रदान केलं, दिवस घातले नाहीत. आणि इथं माझी एक चूक झाली. तिसऱ्या दिवसानंतर घरात कुणी आलंच नाही. दहावा नाही, तेरावा नाही, मग लोकांनी यायचं कधी आणि कशासाठी? दुपारी तीन वाजता रिकाम्या घरात बसलो होतो, तेव्हा हे लक्षात आलं. मग मी तिच्या मैत्रिणींना स्वतः फोन केले, रविवारी चहाला या म्हटलं. त्या आल्या. अजून येतात. विधी ज्यांना नको आहेत त्यांनी माणसांनी यायची सोय मात्र आधीच करून ठेवावी.

फलटण तालुका

सर, तुमचं वाचून रडू आलं. माझे मालक मे २०२१ मध्ये कोरोनात गेले. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. दिवस घातले, पण घरचे चौघंच. येणार कोण?

ते आमच्या दिंडीचे विणेकरी. गावात सप्ताह असला की पहाऱ्याला रात्री दोनचं मागून घ्यायचे, कारण तेव्हा कुणी तयार नसायचं. वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातली काढून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. २०२० ला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, पायी वारी नव्हती. ह्यांना त्याची फार रुखरुख होती. "पुढच्या साली डबल चालू," म्हणायचे.

त्यांच्यामागं २१ लाही पादुका एसटीनंच गेल्या. २०२२ ला पायी वारी निघाली. जाऊ का नको, ठरत नव्हतं. कपाळ मोकळं. आमच्याकडं अजून ते बघतात. त्याच मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता, ते पेपरात वाचलेलं मी कापून ठेवलं होतं. पण ठराव तिकडं, भावकी इकडं. शेवटी सूनच म्हणाली, "आत्या, मी तुळस काढून ठेवलीय, जावा."

माउली नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली, लोणंदपासून मी दिंडीत चालले. डोक्यावर तुळस. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, घोडा समोरून गेला, सगळ्या बायका टापांखालची माती घ्यायला वाकल्या, मीही वाकले. एका म्हाताऱ्या बाईनं न विचारता माझ्या कपाळाला बुक्का लावला. तिला माझं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "चला माउली." वर्षभरात कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. तिथं शेताच्या कडेला बसून मी पोटभर रडले, आणि कुणी "रडू नका" म्हणालं नाही.

आता दरवर्षी जाते. ह्यांची वीणा मात्र भिंतीला आहे. दोन तारा तुटल्यात, भोपळ्याला एक चीर गेलीय. दिंडीत नवी वीणा आली. जुनी कुणाला द्यायचं मन होत नाही आणि तशी बघवतही नाही.

कराड

माझा अनुभव कडू आहे, तरी लिहिते. तीनदा मूल राहिलं आणि गेलं. प्रत्येक वेळी नवं व्रत सांगितलं गेलं. सोळा सोमवार केले. उपासांनी रक्त इतकं कमी झालं की डॉक्टर बाई रागावल्या. मग कुणी म्हणालं, व्रतात काहीतरी चुकलं असेल. म्हणजे तोही दोष माझाच. त्या दिवशी सगळं बंद केलं. तीन वर्षं देवाला दिवासुद्धा लावला नाही. आता संध्याकाळी लावते, कारण अंधारात घर भकास वाटतं. मागत काहीच नाही. सासरच्यांना, आईला, कुणालाही माझं एकच सांगणं आहे, दुःखात असलेल्या बाईला व्रत सांगायच्या आधी तिला जेवलीस का ते विचारा.

मिरज, तंतुवाद्य कारागीर

आमच्या घरात सितार-तानपुरे बनवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या आहे. लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी बंद पडल्या. मैफली नाहीत तर वाद्य घेणार कोण? त्यातच अब्बा गेले. दफनाला मोजकी माणसं. तीन मुठी माती मी टाकली, हातातले ग्लोव्हज काढायचीसुद्धा परवानगी नव्हती. ती माती हाताला लागली नाही, हे मला फार दिवस सलत राहिलं.

मीरासाहेबांचा दर्गा आमच्या घरामागं. उरसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवरच्या चादरीचा मान चर्मकार समाजाचा असतो, हे बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला त्याशिवाय उरूस ठाऊकच नाही. तिथंच किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावलेत, १९३७ पासून. अब्बा मला लहानपणी चिंचेखाली बसवून गाणं ऐकवायचे. ते गेल्यावर मी नमाज सोडली नाही, पण मन लागत नव्हतं, खोटं का बोलू. एक दिवस त्यांचा अर्धवट राहिलेला तानपुरा घेतला. जवारी काढायची, म्हणजे तारेचा नाद खुलवायचं काम, बाकी होती. तार जिच्यावर टेकते त्या घोडीवर कानशीनं हलक्या हातानं घासायचं, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. घाई केली की स्वर बसतो. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तार छेडली आणि स्वर असा उमलून आला की अस्रची अजान कानावर पडली तरी क्षणभर हललो नाही. मग उठलो, वजू केलं. त्या दिवशी सजद्यात अब्बांसाठी नीट दुआ मागता आली.

तो तानपुरा विकला नाही. २०२४ ला मिरजेच्या सितार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यालाच हार घातला.

फलटणच्या ताई, ती वीणा मिरजेला घेऊन या. आम्ही वारकऱ्यांच्या वीणा पण बनवतो. भोपळा मुळात पंढरपूरकडूनच येतो आमच्याकडं. चीर भरता येते, भोपळा बदलायची गरज नाही. तारांचे आणि मजुरीचे पैसे विचारू नका. फक्त गाडीत आडवी ठेवू नका, मांडीवर धरून आणा.

फलटण तालुका

दादा, आषाढीच्या आत आणते. मांडीवरच धरून आणते.