'ऑल ऑर नथिंग' चिलखत : मराठीत काय म्हणायचं?

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेल्या युद्धनौकांवर लेख लिहितोय. 'ऑल ऑर नथिंग आर्मर' (महत्त्वाच्या भागाला पूर्ण जाड पोलाद, बाकीच्याला जवळजवळ नाहीच) आणि त्याआधीची, जहाजभर कमीजास्त जाडीचं पोलाद चढवायची पद्धत, या दोन्हींना सुटसुटीत शब्द हवेत. 'सर्व किंवा काहीच नाही' लिहून पाहिलं, वाक्यात बसत नाही. शिवाय 'कवच' लिहू की 'चिलखत'?

—

चिलखतच. कवच नारळालाही असतं. चिलखती गाडी, चिलखती दल हे शब्द रुळलेले आहेत, मग जहाजानेच काय पाप केलंय? चिलखत वरून चढवतात आणि चढवलं की त्याचा भार वाहावा लागतो. तुमच्या विषयात सगळं भांडण त्या भाराचंच आहे.

—

भाराचा हिशेब मांडला की शब्द सापडायला सोपं जाईल. एक इंच जाडीचं पोलाद चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतं. १९०६च्या ब्रिटिश युद्धनौका 'ड्रेडनॉट'ला मध्यभागी ११ इंची पट्टा (बाजूंवर पाण्याच्या रेषेलगत चढवलेलं पोलाद) होता; पुढे तो ६ इंचांवर आणि मागे ४ इंचांवर उतरत जायचा. म्हणजे टोकाकडेही चौरस मीटरला टन-सव्वा टनापर्यंत पोलाद, आणि तरी मोठ्या तोफेचा गोळा ते भेदणारच. उलट, चिलखतभेदी गोळ्याचा फ्यूज पेटवायला तेवढी जाडी पुरते. नुसत्या पातळ पत्र्यातून तोच गोळा कधी कधी न फुटता आरपार निघून जातो.

अमेरिकनांनी 'नेव्हाडा' या युद्धनौकेच्या आराखड्यात हे मधलं प्रकरणच काढून टाकलं. इंजिनं, बॉयलर, दारूकोठारं हे सगळं ४०० फुटांच्या पट्ट्यामागे घेतलं, त्या पट्ट्याला १३.५ इंच जाडी दिली, वर चिलखती डेक टाकला. जहाज ५८३ फूट लांब. उरलेल्या लांबीच्या बाजूंना पट्टा जवळजवळ नाहीच. म्हणून आधीच्या पद्धतीला 'उतरतं चिलखत' म्हणा आणि या पद्धतीला 'बालेकिल्ला रचना'. त्या मधल्या पेटीला इंग्रजीतही सिटाडेलच म्हणतात.

—

बालेकिल्ला शब्द आवडला, पण एक अडचण आहे. राजगडाच्या माच्या काही उघड्या टाकलेल्या नाहीत. संजीवनी माचीवर तर चिलखती बुरूज आहेत: आत एक बुरूज, त्याला बाहेरून वेढणारी दुसरी भिंत, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. बाहेरची भिंत पडली तरी आतला बुरूज लढता राहतो. मराठीत 'चिलखती' हा शब्द बांधकामाला लागला तो असा, दुहेरी या अर्थाने. याचं जहाजातलं भावंड नेव्हाडा नव्हे, जर्मन जहाजं. त्यांच्या पट्ट्यामागे डेकच्या कडा खाली उतरत येऊन पट्ट्याच्या तळाला मिळायच्या. पट्टा फोडून आलेला गोळा तोवर दमलेला असायचा आणि त्या उतारावरून घसरायचा. जवळच्या लढाईत ही रचना फार चिवट. लांबून, वरून पडणाऱ्या गोळ्यापुढे मात्र तिचा तेवढा उपयोग नाही.

आणि टोकं उघडी टाकणं तरी कुठे निर्धोक आहे? १९०५ला रशिया-जपान युद्धात त्सुशिमाच्या लढाईत रशियन 'ओस्ल्याब्या' बुडालं ते बालेकिल्ला फुटून नव्हे. नाळेकडे, जिथे पट्टा नव्हता तिथे पाण्याच्या रेषेजवळ गोळे बसले, पाणी शिरलं, जहाज कललं आणि उलटलं. त्यात कोळसा इतका भरलेला की होता तो पट्टाही पाण्याखाली गेलेला.

—

ओस्ल्याब्याचं उदाहरण बरोबर, पण ते या पद्धतीविरुद्ध जात नाही. टोकं पाण्याने भरली तरी एकट्या बालेकिल्ल्याने जहाज तरंगत ठेवायचं, ही या रचनेची अटच आहे. ती पाळली नाही तर उरतं नुसतं अपुरं चिलखत. म्हणून 'नथिंग'चं भाषांतर 'काहीच नाही' करू नका, वाचकाला वाटेल टोकं वाऱ्यावर सोडली. तिथेही कप्पे पाडलेले असतात, पाणी एका कप्प्यात अडावं म्हणून.

दुसरं म्हणजे बालेकिल्ला जितका आखूड तितकी त्याची भिंत जाड करता येते. १९२२च्या वॉशिंग्टन नौदल कराराने एका युद्धनौकेला ३५,००० टनांची मर्यादा घातल्यावर ब्रिटिशांनी 'नेल्सन' आणि 'रॉडनी'च्या १६ इंची तोफांच्या तिन्ही बुरुजांची (टरेट) रांग पुढेच लावली ती यासाठी. दिसायला बेढब जहाजं, पण १४ इंची पट्टा त्यामुळेच परवडला.

—

लेखात 'जटलंडच्या (ब्रिटिश-जर्मन नौदलांच्या लढाईच्या) धड्यातून ही पद्धत आली' असं लिहिणार असाल तर थांबा. नेव्हाडा १९१२ला बांधायला घेतलं, मार्च १९१६ला नौदलात आलं. जटलंडची लढाई त्याच वर्षी ३१ मेची. तिथे 'इन्डिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या, पण वेगासाठी हलक्या चिलखताच्या युद्धनौका) स्फोटाने गेल्या. इन्व्हिन्सिबलचा पट्टा ६ इंचीच होता, हे खरं. पण माझ्या मते दोष चिलखतापेक्षा दारूच्या हाताळणीचा जास्त. तोफा भराभर चालवण्याच्या नादात दारूच्या थैल्या बाहेर रचून ठेवलेल्या, ज्वाळा अडवणारी दारं उघडी. 'लायन' या ब्रिटिश बॅटलक्रूझरवर 'क्यू' नावाचा तोफांचा बुरूज फुटला तेव्हा त्या बुरुजाचे अधिकारी मेजर हार्वे यांनी मरता मरता दारूकोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला आणि जहाज वाचलं. जर्मनांचं 'झाइडलिट्स' आदल्या वर्षी उत्तर समुद्रातल्या डॉगर बँकेच्या लढाईत अशाच आगीत होरपळलं होतं. त्यांनी हाताळणी सुधारली आणि जटलंडला वीसेक मोठे गोळे खाऊनही ते घरी पोचलं.

—

सगळ्यांचे आभार. 'उतरतं चिलखत' आणि 'बालेकिल्ला रचना' घेतो. मागच्या उत्तरातलं 'दारूकोठार'ही घेतो, 'मॅगझिन' लिहिलं की वाचकाला मासिक आठवतं. आता 'बार्बेट'चं काय? बुरुजाखालून थेट दारूकोठारापर्यंत उतरणारा तो चिलखती नळा.

—

'बुरुजाची विहीर' लिहा. 'नळा' म्हटलं की धुराडं डोळ्यांसमोर येतं. आणि टरेटला पहिल्यांदा 'फिरता बुरूज' लिहा, पुढे नुसतं 'बुरूज' चालेल.