गाडी नाही, पण कार सीट घ्यायची आहे. कुठली घेऊ?

मोगरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी, लेक 8 महिन्यांची झाली, वजन सव्वाआठ किलो, उंची 70 सेंमी. आमच्याकडे गाडी नाही आणि दोन-तीन वर्षांत घ्यायचा विचारही नाही (सोसायटीत पार्किंगच नाही, असो). एरवी रिक्षा आणि लोकलवर सगळं भागतं. पण महिन्यातून एकदा पुण्याला सासरी जाणं होतं, आधी ट्रेनने जायचो, बाळ झाल्यापासून सामानच एवढं की कॅब करतो. मी मागे, लेक मांडीवर, नवरा पुढे.

मागच्या वेळी खंडाळ्याच्या घाटात पुढे ट्रक अचानक लेन बदलून आला आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. लेक मांडीवर झोपलेली, तिच्यामुळे मी बेल्टही लावला नव्हता, दोघी पुढे गेलो आणि तिचं डोकं पुढच्या सीटच्या पाठीला लागलं. जोरात नाही, दोन मिनिटं रडली आणि परत झोपली, डॉक्टरांनाही दाखवलं, काही नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही ती नाहीच.

आता घरात कार सीटचा विषय काढला तर सासूबाई म्हणतात बाजारात तुरी, गाडीचा पत्ता नाही आणि गाडीतली खुर्ची कशाला. नवरा म्हणतो दहा-बारा हजार घालून वर्षातून चोवीस वेळा वापरणार (जाऊन-येऊन). ऑनलाइन बघायला गेले तर जी ती सीट आयसोफिक्सवाली (गाडीतल्याच हुकांना अडकवायची), 360 फिरणारी, वजन बघितलं तर बारा किलो!! लेकीपेक्षा सीट जड. ही घेऊन मी जिने कशी उतरू, आमच्याकडे लिफ्ट नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही पण सीट आहे असं कोणी आहे का इथे?

कोथरूडचा_बाप

आहे ना, हा काय. आमच्याकडे एक स्कूटर आणि बाकी कॅब.

पहिलं म्हणजे आयसोफिक्स विसरा. चांगली गोष्ट आहे पण ती स्वतःच्या गाडीवाल्यांसाठी, कुठली कॅब येणार हे तुमच्या हातात नाही आणि असले हुक तरी ते सीट कव्हरच्या खाली गाडले गेलेले असतात. तुम्हाला हवी ती साध्या तीन पॉइंटच्या बेल्टने बसणारी सीट. विकत घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, बेस (सीटखाली लावायचा वेगळा भाग) न लावता नुसत्या बेल्टने बसते का. दुकानदार गोलगोल बोलायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

दुसरं, आणि हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, आपल्याकडच्या टॅक्सीत मागच्या बेल्टचं बकल सापडणं हीच खरी परीक्षा. मालकाने रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलेलं असतं आणि बकल त्याच्या आत. मी आता खाली उतरायच्या आधी ड्रायव्हरला फोन करतो, दादा मागचा बेल्ट लागतो का, बकल वर आहे का, लहान मुलाची सीट लावायची आहे. निम्मे लोक "हो हो" म्हणतात आणि बघत नाहीत. तरी पुण्याहून मुंबईसारखी लांबची गाडी आदल्या दिवशी ठरवली तर काम होतं, कव्हर वर करून ठेवतात. एकाने तर स्वतः ब्लेडने कव्हरला चीर पाडून दिली, म्हणाला माझी पण पोरगी लहान आहे.

तिसरं, सीएनजीची गाडी आली तर डिकीत टाकी असते, बॅगा पुढे पायाशी नाहीतर मांडीवर. त्यामुळे सामान कमी किंवा गाडी मोठी, दोन्हीपैकी एक ठरवा.

आणि एक कळकळीची विनंती, घरी आणल्यावर मित्राच्या गाडीत चार वेळा लावून-काढून बघा. पहिल्यांदा मला पंचवीस मिनिटं लागली, मागे टेम्पोवाला हॉर्न बडवतोय, बायको बघतेय, घाम फुटला होता. आता चार मिनिटांत होतं.

आमची हँडलवाली कॅरियर सीट होती, 13 किलोपर्यंतची, साडेतीन-चार किलो वजन. बाळासकट उचलून घरात. मी म्हणेन तीच घ्या.

टेम्सकाठची

कोथरूडच्या बापाशी बाकी सगळ्यात सहमत, शेवटच्या वाक्यात नाही. बाळ 8 महिन्यांचं आणि 70 सेंमी आहे हो. हँडलवाल्या सीटवर 13 किलो लिहिलेलं असलं तरी बहुतेक मुलं वजनाच्या आधी उंचीने बाहेर पडतात, डोकं सीटच्या कडेच्या वर यायला लागलं की संपलं. वर्षा-सव्वा वर्षापर्यंत चालेल, म्हणजे चार-सहा महिन्यांसाठी पैसे घालणार. नवजात असतं तर मीही तीच सांगितली असती.

मी लंडनला सहा वर्षं बिनगाडीची आहे, दोन मुलं. इथे कायदा 12 वर्षं किंवा 135 सेंमी, जे आधी होईल तोवर सीट. गंमत म्हणजे टॅक्सीत सीट नसेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर तसंच न्यायला कायदा सूट देतो. म्हणजे कायद्याने चालतं, पण ब्रेक लागल्यावर गाडीला काय माहीत ही टॅक्सी आहे. मी रोजच्या दोन मैलांना बस पकडायचे, आणि मोठ्या रस्त्यावर जायचं असलं की सीट. तुमचंही तसंच करा, डोंबिवलीत रिक्षाच बरी, सीट एक्सप्रेसवेसाठी.

तुमच्यासाठी बघा: उलटं तोंड करून (म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे) आणि नंतर सरळ अशी दोन्हीकडे बसणारी, बेल्टने लागणारी, पाच-सहा किलोच्या आतली. आर 129 नावाच्या युरोपियन नियमात किमान 15 महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं असतं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कच्ची, समोरून धक्का बसला तर पाठ-डोकं-मान सगळ्याला सीटचा आधार मिळतो. पाय दुमडतात म्हणून लोक घाई करून सरळ बसवतात, पायाचं काही नाही, मांडी घालून मस्त बसतात.

सीटवर नारिंगी स्टिकर शोधा, आर 44/04 (आधीचा नियम) किंवा आर 129 लिहिलेलं आणि गोलात इंग्रजी ई आणि आकडा. स्टिकर नाही तर ती सीट नाही, झोपाळा आहे. बेल्ट कुठून न्यायचा त्याला रंग असतात, उलट्यासाठी निळा, सरळसाठी लाल. आणि एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर उलटी सीट कधीच नाही, बाबाने कितीही म्हटलं तरी.

(अवांतर: ती चाकं बाहेर येऊन प्रॅम होणारी डूना बघून मोहात पडू नका, साडेसात किलो आहे, बिनलिफ्टच्या इमारतीत बाळासकट सोळा.)

अण्णा_सातारकर

आमच्या वेळी अँबॅसिडरमध्ये आम्ही नऊ जण महाबळेश्वरला जायचो, चार पोरं मांडीवर, एक डिकीत सुद्धा बसलेलं आहे. काही झालं नाही. आईच्या मांडीसारखी जागा नाही. उगाच परदेशी फॅडं. डेक्कन क्वीनने जा, सीटही नको नि घाटही नको.

घोडबंदर_रोड

अण्णा, डेक्कन क्वीनचं म्हणणं शंभर टक्के मान्य, जमेल तेव्हा ट्रेनच. मांडीचं मात्र नाही. साधं गणित करा. गाडी 50 च्या वेगात असताना दशांश सेकंदात थांबली तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला जवळजवळ 140 किलोचा जोर लागतो. तांदळाची पोती हाताने अडवून बघा. आणि एक्सप्रेसवेवर कोण 50 ने जातो. काही झालं नाही म्हणजे ब्रेक लागला नाही एवढंच.

दोन गोष्टी धागाकर्तीसाठी. एकच बेल्ट स्वतःच्या आणि बाळाच्या वरून घेऊन बसतात ते अजिबात करू नका, धक्क्यात आईचं सगळं वजन बाळावर येतं. आणि पोटावर बांधायचं कॅरियर रिक्षात, लोकलमध्ये उत्तम, पण कारमध्ये ते सीटच्या जागी चालत नाही.

कायद्याचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीत 194बी कलम आलं, 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. पकडलेलं मी तरी कोणाला बघितलं नाही. स्कूटरवाल्यांसाठीही आहे बरं का, 9 महिने ते 4 वर्षं: हार्नेस, हेल्मेट आणि वेग 40 च्या आत, 2022 ची अधिसूचना. कोथरूडचे बाप, वाचताय ना?

आणि विकत कशाला, भाड्याने घ्या की. मुंबई-पुण्यात लहान मुलांचं सामान भाड्याने देणारे आहेत, एक ट्रिप करून बघा. फक्त सीट अपघातातली नाही ना हे स्पष्ट विचारा आणि पट्टे उसवलेले, बकल सैल असं काही दिसलं तर परत पाठवा. ओएलएक्सवर अनोळखी माणसाकडून मी घेणार नाही.

कोथरूडचा_बाप

वाचतोय वाचतोय. हार्नेस आहे, हेल्मेट घातलं की पोरगं भोकाड पसरतं.

जर्सीची_मावशी

कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते, अमेरिकेतून कोणी सीट आणून देतो म्हणालं तर हुरळून जाऊ नका. मीच भाचीला एक हलकी सव्वातीन किलोची आणून दिली होती आणि तोंडघशी पडले. इकडच्या गाड्यांत मागचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो लॉक होतो आणि सीट घट्ट बसते, इकडच्या कितीतरी सीट त्यावरच अवलंबून. भाचीच्या तिथल्या गाडीत बेल्ट फक्त झटका बसला की अडकतो, एरवी सैलच. सीट लावली तर डुगडुगायला लागली. शेवटी लोखंडाची लॉकिंग क्लिप लावून काम झालं, पण दर वेळी अनोळखी कॅबमध्ये ते करणं म्हणजे डोक्याला ताप. तुम्ही ज्या सीटमध्ये बेल्ट दाबून धरणारा खटका आहे तीच घ्या. लावून झाल्यावर बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवायची, इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत.

मोगरा_डोंबिवली

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, गेल्या शनिवारी भाड्याने घेऊन जाऊन आलो म्हणून अपडेट. दोन्हीकडे बसणारी, बेल्टवाली, पाच किलोच्या आसपास, खटका असलेली, नारिंगी स्टिकर आधी फोटोत मागवला. शुक्रवारी शेजारच्या काकांच्या गाडीत दोनदा लावून बघितली, काकांनी गुडघा ठेवून दाबायला शिकवलं, गुडघ्याने दाबून बेल्ट ओढला की खरंच दगडासारखी बसते.

कॅबवाल्याला आदल्या दिवशी फोन केला, हो म्हणाला, आणि अर्थात बकल कव्हरच्या आतच होतं :) पण स्वतः उतरून काढून दिलं. एक घोळ झाला, उजव्या बाजूला बेल्ट अपुरा पडत होता, निळ्या खोबणीतून फिरवून बकलपर्यंत पोचेचना. डाव्या बाजूला पोचला, का ते देव जाणे. नवरा पुढची सीट सरकवून गुडघे छातीशी घेऊन बसला कारण उलटी सीट जागा खाते.

शिळफाट्यापर्यंत नुसता आकांत. मी जवळजवळ काढून मांडीवर घेणार होते, नवऱ्याने मागे वळून फक्त "घाट" एवढंच म्हटलं. कळंबोलीला शांत, खालापूरच्या फूड मॉलला गाढ झोपलेली, तरी बाहेर काढून पंधरा मिनिटं पाठ मोकळी केली. पट्टा खांद्यावर चिमटीत येत नाही एवढा घट्ट ठेवला होता, वळ वगैरे काही नाही. आणि या वेळी मी स्वतः पण बेल्ट लावला, घाटात दोन्ही हात मोकळे ठेवून खिडकीबाहेर बघत बसले, आठ महिन्यांत पहिल्यांदा.

नवरा आता म्हणतो विकतच घेऊ आणि सासरीच ठेवू, मग मी विचारलं डोंबिवलीहून जाताना काय करायचं, तेव्हा गप्प.

आता खरा प्रॉब्लेम. सासूबाईंना ती खुर्ची इतकी आवडली की दोन दिवस हॉलमध्ये जमिनीवर ठेवून त्यात बसवून वरणभात भरवला. तूप, हळद, पट्ट्यांवर, बकलमध्ये, सगळीकडे. उद्या परत द्यायची आहे. कशी धुवू?? मशीनला टाकू का?

टेम्सकाठची

हाहाहा, बाजारात तुरी!

पट्टे मशीनला नको आणि साबणाच्या पाण्यात भिजवूही नको, ब्लीच तर नाहीच, विणीची ताकद जाते. ओल्या फडक्याने पुसायचे, फार तर सौम्य साबणाचं बोट. कापडी कव्हर निघतं, ते हाताने धू, सावलीत वाळव. काढायच्या आधी पट्टे कुठून कसे गेलेत त्याचे फोटो काढून ठेव नाहीतर रात्री बारा वाजता रडशील. बकलमधला भात: उलटं धरून नुसत्या कोमट पाण्यात खळखळव, तेलबिल घालू नकोस, आणि टक् असा आवाज येईपर्यंत लावून-काढून बघ.

हळद जाणार नाही.