‘कलंक’ की ‘संकोच’? : कंपवाताच्या संदर्भात एक शब्दचर्चा

प्रश्न : पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांसाठी असलेल्या एका प्रश्नावलीचे मराठी रूप तयार करत आहे. तीत ‘सेल्फ-पर्सीव्ह्ड स्टिग्मा’ (आजारामुळे लोक आपल्याला कमी लेखतील असे रुग्णाला स्वतःलाच वाटणे) ही संज्ञा वारंवार येते. कोशातल्या प्रतिशब्दांवरून ‘स्वानुभूत कलंक’ असे रूप केले, पण ते खटकते. याहून नेमका शब्द कोणता?

उत्तर : आपल्याला ते खटकले, हे योग्यच आहे. ‘स्टिग्मा’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टोचून किंवा डागून उमटवलेली खूण एवढाच होता. गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या अंगावर अशा खुणा करत, म्हणून पुढे त्याला बदनामीचा अर्थ चिकटला. आपल्या ‘लांछना’चा प्रवासही असाच झाला आहे. जैन परंपरेत महावीरांचे लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, सिंह आणि पार्श्वनाथांचे लांछन सर्प असे आजही आदराने म्हटले जाते, पण व्यवहारात मात्र ‘लांछनास्पद’ याला एकच अर्थ उरला आहे. ‘कलंक’ तर थेट वर्तनाशी जोडलेला आहे. घराण्याला कलंक लागतो तो कोणाच्या तरी कृत्यामुळे. मेंदूतल्या डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्याने ज्याचा हात थरथरतो, त्याने काय कृत्य केले? ‘तुम्हाला कलंक जाणवतो का?’ असे विचारताना आपण तो डाग गृहीतच धरतो.

शब्द ठरवण्यापूर्वी त्या भावनेचा तपशील पाहावा. पार्किन्सन्ससाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ३९ प्रश्नांच्या प्रश्नावलीत स्टिग्माविषयी ४ प्रश्न आहेत. गेल्या महिन्याभरात आपला आजार लोकांपासून लपवावासा वाटला का, चारचौघांत खाणेपिणे टाळले का, आजारामुळे लोकांत ओशाळल्यासारखे झाले का आणि लोक काय प्रतिक्रिया देतील याची काळजी वाटली का, असा त्यांचा आशय आहे. लपवणे, टाळणे, ओशाळणे, धास्ती घेणे या चारही क्रिया रुग्णाच्या स्वतःच्या आहेत; समोरच्याने काही बोलण्याची त्यात वाटही पाहिलेली नाही. समोरच्यांनी प्रत्यक्ष दिलेली वागणूक आणि तशी वागणूक मिळेल ही मनातली भीती यांतला हा फरक स्कॅम्बलर आणि हॉपकिन्स या अभ्यासकांनी १९८६ मध्ये अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णांविषयी लिहिताना स्पष्ट केला होता. मराठीतही दोन्हींसाठी वेगळे शब्द हवेत. पहिल्यासाठी ‘हेटाळणी’ आहेच.

दुसऱ्यासाठी मी ‘संकोच’ सुचवेन, आणि त्याचे कारण माझ्या घरातले आहे. माझ्या वडिलांना हा आजार होता. लग्नाच्या पंगतीत ते मठ्ठ्याच्या वाटीला हात लावत नसत. उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने पोळीचा तुकडा मोडत आणि कोणी आग्रह केला तर ‘पोट भरलं’ म्हणत. घरी आल्यावर आई पुन्हा पान वाढत असे. त्यांना कोणी हसल्याचे मला आठवत नाही. ‘नको वाटतं गं, संकोच होतो,’ एवढेच ते म्हणत.

या शब्दाचे मूळही इथे फार चपखल बसते. ‘संकोच’ म्हणजे आकसणे, आखडणे. या आजारात अक्षर बारीक होत जाते, पाऊल आखूड पडते, आवाज खोल जातो, चेहऱ्यावरचे हावभाव मावळतात. शरीराचे हे आकसणे आणि माणसाचे लोकांतून मागे सरणे हे दोन्ही मराठीने एकाच शब्दात सांगितले आहे. संज्ञा म्हणून ‘रोगसंकोच’ असा समास करता येईल.

पुरवणी प्रश्न : ‘संकोच करू नका, पोटभर जेवा’ असे आपण पाहुण्याला म्हणतो. इतका सौम्य शब्द या दुःखाला पुरेल का?

उत्तर : आपला आक्षेप मान्य आहे. आजार लपवणे आणि लोकांत जाणे टाळणे यांसाठी ‘संकोच’ पुरतो. पण आपण आता कोणाच्या उपयोगाचे राहिलो नाही, अशी खात्रीच जिथे माणसाची होते, तिथे ‘कमीपणा’ घ्यावा. ‘मला कमीपणा वाटतो’ हे वाक्य निरक्षर आजीही सहज बोलेल. ‘स्वानुभूत कलंक’ तिला समजावून सांगावा लागेल.

आजाराच्या नावाबाबतही सावध राहावे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच कंप होता आणि आपल्या ‘कंपवाता’तही तो आहे, मात्र प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असे नाही. ज्यांचे शरीर फक्त ताठरते आणि मंदावते, त्यांना ‘तुमचा हात तर थरथरत नाही’ हे ऐकावे लागते, आणि आपण आजाराचे सोंग करतो असे लोकांना वाटेल, ही आणखी एक धास्ती त्यांच्या मनात बसते. म्हणून प्रश्नावलीत ‘पार्किन्सन्स’ हेच नाव ठेवावे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. आपल्या प्रश्नावलीच्या सूचनांमध्ये जिथे जिथे ‘रुग्णाने’ असे आले आहे, तिथे ‘शुभार्थीने’ घालून एकदा मोठ्याने वाचून पाहावे.