रानातलं नाटक की अरण्यातलं?

कंदील: कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर (१९३३–२०२१) यांच्यावरचा लेख मराठीत आणतेय. त्यांचं 'द प्रिन्सेस ऑफ द स्टार्स' हे संगीतनाट्य १९८१ साली टोरांटोजवळच्या हार्ट लेक या तळ्यावर झालं. प्रेक्षक अंधारातच काठावर येऊन बसलेले, पात्रं होड्यांत, गाणारे-वाजवणारे तळ्याभोवती झाडीत दडलेले. सूर्य या पात्राचा प्रवेश खऱ्या सूर्योदयालाच. त्यातल्या 'विल्डरनेस'ला मी 'रान' लिहिलं. संपादक लातूरचे. म्हणाले, "रानातलं नाटक म्हणजे तुरीत बसून बघायचं का?"

अवकाळी: बरोबरच बोलले. आमच्याकडे आबा रानात गेलेत म्हणजे शेतात दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला गेलेत. सरळ 'जंगल' लिहा, सगळ्यांना कळतं.

जुनापाना: कळतं, पण उलटं. आयुर्वेदातला जांगल देश म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा मुलूख. पाणथळ तो आनूप. इथे तर अख्खं नाटक तळ्यात! 'अरण्य' घ्या. मूळ 'अरण', म्हणजे दूरचं, परकं. 'रान' हे त्याचंच पोर, शेतकऱ्याने दत्तक घेतलेलं.

अवकाळी: चरक वाचून नाटकाला कोण जातं हो?

धानपट्टा: 'झाडी' का नको? आमची पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी त्याच नावावर उभी आहे. धान निघालं की गावोगाव शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री वडशाच्या एखाद्या मंडळीचं नाटक, पार उजाडेपर्यंत.

कंदील: पण तुमच्याकडे स्टेज, पडदे, माइक सगळं असतं. इथे तळं हाच रंगमंच. नट इतके लांब की चेहरा दिसत नाही, म्हणून लांडग्याचं, तीन शिंगांच्या शत्रूचं भलंमोठं सोंग होडीवर उभं केलेलं.

सातवीण: काहीही लिहा, 'निर्जन' तेवढं नको. ऑन्टॅरिओच्या त्या मुलखात अनिशिनाबे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत. शेफरनी कथा स्वतः रचली, पण घाट आदिवासी दंतकथेचा. त्यावर आक्षेपही आले. 'विल्डरनेस' हा शब्दच बाहेरून आलेल्याचा आहे.

जुनापाना: मग 'अरण्य'च की! परक्याच्या नजरेतून.

नादखुळा: जागेपेक्षा वेळ नीट लिहा. पहाटे पाण्यालगतची हवा थंड, वरची त्यामानाने उबदार. त्यामुळे आवाज वर निसटण्याऐवजी पुन्हा पाण्याकडे वळतो. वाराही पडलेला असतो. पलीकडच्या काठावरून गाणारी बाई माइकशिवाय ऐकू येते ती यामुळे. दुपारी हाच प्रयोग लावला तर निम्मं गाणं हवेतच जाईल.

अवकाळी: सूर्य उगवायच्या बेताला पहाट नाही म्हणत. झुंजुमुंजू.

जुनापाना: बालगीत आहे का? 'अरुणोदय' लिहा.

धानपट्टा: 'तांबडं फुटताना'.

कंदील: मंडळी, रानाचं काय ठरलं? उद्या लेख द्यायचाय.

अवकाळी: उजेड आणि अंधाराची झुंज, म्हणून झुंजुमुंजू. माझी आजी सांगायची.

जुनापाना: आणि मग मुंज कुणाची?