‘लाईट गेली’ म्हणावे की ‘वीज गेली’?

पंचवटीकर: नाशिकमध्ये पावसाची पहिली सर आली की घरोघरी ‘लाईट गेली’ हेच ऐकू येते. माझा आक्षेप इंग्रजी शब्दाला नाही, तो वाटेल तसा ताणण्याला आहे. दिवा म्हणजे लाईट, विजेचे देयक म्हणजे लाईट बिल, फिकट रंग लाईट, पचायला हलके जेवणही लाईट आणि कुणाचे बोलणे मनावर घेऊ नये म्हणून ‘लाईट घे’! उजेड आणि हलकेपणा सांगणारे हे इंग्रजीत मुळात दोन वेगळे शब्द असून पुढे ते एकसारखे झाले. आपण त्यांच्यावर विजेचाही भार टाकला. ज्या जिल्ह्यातील भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द घडवले, तिथे हाताशी असलेला ‘वीज’ हा शब्द अडगळीत पडावा, हे पटत नाही.

निफाडचा बागायतदार: ‘या आठवड्यात रात्रीची लाईट आहे’ म्हटले की थ्री फेज पुरवठा रात्री मिळणार आणि कांद्याला, द्राक्षाला पाणी द्यायला तेव्हाच मोटर सुरू करावी लागणार, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळते. सिंगल फेजवर घरात दिवा जळत असतानाही आम्ही ‘मळ्यात लाईट नाही’ म्हणतो. या अर्थाचा उजेडाशी संबंध उरलेला नाही. तो आम्हीच घडवला आहे. शिवाय लाईट ‘येते’ आणि ‘जाते’, म्हणजे विजेचे स्त्रीलिंगही तिने उचलले आहे. आणखी किती मराठी व्हायचे तिने?

पंचवटीकर: लिंग विजेकडून घेतले असेल, तर घराची मालकीण कोण हे आपणच सांगितलेत. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राला कुणी लाईट केंद्र म्हणत नाही. आमच्या इमारतीत ‘उद्या दहा ते दोन लाईट बंद’ असा फलक लागला, तेव्हा जिन्यातले दिवे बंद राहणार की लिफ्ट आणि पाण्याचा पंपही, हे कुणालाच उमगेना.

गंगापूर रोडवासी: पंचवटीकर, आपली ‘वीज’ तरी मुळात तारांतून कुठे वाहत होती? ती आभाळातली, तारेतला अर्थ तिला नंतर चिकटला. तरीही ‘वीज पडली’ ऐकून महावितरणला कुणी फोन करत नाही. फलकाचा मुद्दा मात्र मान्य आहे, कारण लेखी सूचनेला पुन्हा प्रश्न विचारता येत नाही.

निफाडचा बागायतदार: फलकावर खुशाल ‘वीजपुरवठा’ लिहा. मध्यरात्री मळ्यातून घरी फोन करणारा ‘लाईट आली का’ असेच विचारणार.