गोधडी शिवणारा गट: धुतल्यावर फुगे येतात, अन् मजुरीचं वाटप जमून नाही राहिलं

सुईदोरा_आर्वी
आमचा ११ बायांचा बचत गट आहे, त्यातल्या ८ जणी गोधडी शिवतात. कापड म्हणजे गावातलीच जुनी पातळं, लुगडी, धोतरं. खालून मांजरपाट (जाडसर कोरं सुती कापड) लावतो. ऑर्डर येऊन राहिल्या, पण तीन गोष्टी अडल्या आहेत.

१. पहिल्या धुण्यात गोधडीला मधोमध फुगे येतात. एकीवर लाल रंगही उतरला.
२. आम्ही नगावर मजुरी देतो, लहान-मोठी सारखीच. जिचा टाका बारीक तिला परवडत नाही, जिचा लांब तिची गोधडी दोन दिवस आधी होते. बैठकीत दर वेळी यावरूनच कुरबुर.
३. ५ × ७ फुटाच्या गोधडीला दोर किती लागतो आणि भाव काय लावावा? सध्या ८०० ला देतो.

धावदोरा
ताई, फुगे येण्याची कारणं दोन. पहिलं कापडात, दुसरं अंथरण्यात.

कापडाचं आधी. कोरा मांजरपाट खळीचा असतो आणि पहिल्या पाण्यात आटतो. शेकडा ५ जरी आटला तरी ७ फुटाला ४ इंच गेले. वरचं पातळ वीस वेळा धुतलेलं, ते आटत नाही. खालचं कापड ओढून घेते, वरचं जागच्या जागी राहते, म्हणून फुगा. मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी चोळून खळ काढा, वाळवा, इस्त्री करा, आणि मगच मापाने कापा. कापून मग भिजवला तर माप चुकते.

दुसरं, सुती आणि सिंथेटिक एकाच गोधडीत घालू नका. ओळखायला काठाचा एक धागा उपसून काडीने पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक काळी गुठळी होते. मिश्र कापडाची राखही होते आणि गुठळीही, ते सिंथेटिकच्या ढिगात टाका. सिंथेटिक पातळांची वेगळी, स्वस्त गोधडी करा, खाली अंथरायला चालते. पांघरायला नको, घाम शोषत नाही.

रंगासाठी पांढरी चिंधी गरम पाण्यात ओली करून कापडाच्या कोपऱ्यावर जोरात घासा. रंग लागला तर ते कापड गोधडीत घ्यायचंच नाही, मधल्या थरातही नाही. मधला रंगसुद्धा ओला झाला की वर येतो. मीठ, तुरटी लावून रंग पक्का होतो असं सगळ्या म्हणतात, त्यावर गिऱ्हाइकाचा माल सोडू नका. लाल, मरून, काळा आणि गडद हिरवा, हे हमखास तपासायचे.

पातळ उजेडासमोर धरून बघा. जिथे विरलेलं दिसते तो भाग मधल्या थरात जाऊ द्या, वर धड कापड. फॉल उसवून टाका, तो ताठ असतो आणि सुई अडते. जरीचा काठ कापून बाजूला काढा. सुती काठ मात्र जपून ठेवा, कडेच्या पट्टीला कामी येतो.

आता अंथरणं. आपल्याकडे टाका कडेने सुरू करून फिरत फिरत आत जातो. दिसायला ती गोधडी सुरेख, पण कापडातला सगळा ढिलेपणा सुईसोबत आत सरकत जातो आणि शेवटी मधोमध गोळा होतो. कडेने शिवायची तर आधी कच्चा टाका (थर धरून ठेवायला, नंतर उसवायचा) पाहिजेच, आणि तो मधून बाहेर.

असं करा. सारवलेल्या किंवा फरशीच्या जागेवर सतरंजी टाका. अस्तर उलटं अंथरा, चारही बाजूंनी २ इंच जास्त ठेवा, ताणून कडेवर विटा ठेवा. फार ताणू नका, विटा काढल्यावर कापड मागे येते. त्यावर मधला थर, त्यावर वरचा. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सपाट करा. मग मध्यापासून चारी दिशांना लांब कच्चे टाके, नंतर वीतभर अंतरावर आडवे-उभे. एका ५ × ७ च्या गोधडीला दोघी असल्या की दीड-दोन तास जातात. हे दोन तास वाचवायला गेलं की फुगा आलाच.

मधल्या थरात जोड असेल तर दुमडून शिवू नका, कड नुसती एकीवर एक अर्धा इंच चढवा. दुमडीवर सुई वाकते आणि तिथे वळ दिसतो.

कपाशीकाठ
कापडाचा हिशेब राहिला, तो देतो.

साधं पातळ साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच, पन्हा ४४-४५ इंच. त्यातून ८८ इंचाचे दोन तुकडे काढा, ४० इंच उरते. एक तुकडा अख्खा, दुसऱ्यातून वरच्या थराला १८ इंचाची उभी पट्टी, अस्तराला २१ इंचाची. जोडलं की ६० च्या वर रुंदी मिळते. दोन पातळांत वरचा थर आणि अस्तर निघून जे उरते, त्याच्या पट्ट्या जोडून मधला थरही होतो. म्हणजे पातळं धड असतील तर दोनात तीन थर. मांजरपाटाचा खर्चच वाचतो, आणि आटण्याचा प्रश्नही मिटतो. विरलेली असतील तर तीन धरा.

नऊवारी लुगडं मिळालं तर सोनं. सुती, मऊ, आणि लांबी इतकी की एकातच बरंच भागते. ते लेकराच्या दुपट्यांसाठी राखून ठेवा. दुपटं ३० × ३६ इंच, दोन किंवा तीन थर, सगळं सुती, गाठी थरांच्या आत, टिकली-बटन काही नाही. त्याला मागणी बारा महिने असते.

हिशेबवही
मजुरीचं सांगते. नगावर दिली तर कुरबुर होणारच, कारण काम नगात नसते, टाक्याच्या लांबीत असते.

हे गणित एकदा फळ्यावर सगळ्यांना करून दाखवा. गोधडी ६० × ८४ इंच. दोन ओळींत १ इंच अंतर असेल तर टाक्याची एकूण लांबी ६० × ८४ भागिले १, म्हणजे ५०४० इंच, म्हणजे १२८ मीटर. अर्धा इंच अंतर असेल तर दुप्पट, २५६ मीटर. सरळ ओळी घाला, चौकोनात फिरवा, अंतर तेच असेल तर लांबी जवळपास तीच. म्हणून "माझा नमुना अवघड" हा वाद लांबीपुरता मिटतो.

दोर टाक्याच्या वरखाली जातो, गाठी, उरलेली टोकं, यासाठी सव्वापट-दीडपट धरा. १ इंच अंतराला १६० ते १९२ मीटर एकेरी दोर. दुहेरी ओवत असाल तर याच्या दुप्पट.

आता भाव. हात बसलेली बाई तीन थरांत तासाला साधारण ४ ते ५ मीटर ओढते. म्हणजे १२८ मीटरला २८ तासांच्या आसपास. धुणं, कापणं, अंथरणं, कच्चा टाका मिळून आणखी ५ तास. तुमच्याकडे निंदणाची जी रोजी चालते ती घ्या. समजा ६ तासांचे ३०० रुपये, तर तासाला ५०, मीटरला ११.

टाका १२८ × ११ = १४०८
तयारी ५ × ५० = २५०
एकूण मजुरी १६५८, दोर-कापड वेगळं, त्यावर गटाचा १० टक्के हिस्सा.

८०० ला दिली तर बाईला तासाला २५ सुद्धा पडत नाहीत, आणि त्यातूनच दोराचा खर्च. त्यापेक्षा निंदणाला गेलेलं बरं, हे तिला कळते. म्हणूनच ती टाका लांब टाकते. गिऱ्हाईक एवढा भाव द्यायला तयार नसेल तर ओळीतलं अंतर दीड इंच करा, गोधडी लहान करा, पण तासाचा भाव पाडू नका. फक्त विरलेल्या कापडाला दीड इंच अंतर चालत नाही, दोन ओळींच्या मध्ये फाटते.

धंद्याचा पैसा बचतीच्या वहीत लिहू नका. उमेदची (बचत गटांच्या सरकारी अभियानाची) पंचसूत्री बचत, कर्ज, परतफेड यांच्यासाठी आहे. ऑर्डरची वही वेगळी: नंबर, माप, थर, ओळीतलं अंतर, कोणी शिवली, किती मीटर, आगाऊ किती, बाकी किती. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापड कापायचं नाही.

धावदोरा
मीटरवर दर ठेवला तर घाई होते आणि टाका लांबतो, हे आधीच बांधून घ्या. प्रत्येक गोधडी घेताना तीन ठिकाणी, कड, मध्य आणि एखादा कोपरा, इंचात किती टाके ते मोजा. पांघरायच्या गोधडीला ४, दुपट्याला ५. एखाद्या ठिकाणी ३ च्या खाली आले तर ती ओळ उसवायची, मजुरी नंतर. मोजणारी बाई दर महिन्याला बदला, नाही तर आणखी एक भांडण.

आणि एका गोधडीवर दोघी बसवायच्या तर दोघींचा हात सारखा पाहिजे. एकीचा दोर ओढून, दुसरीचा सैल, असं असलं तर अर्धी गोधडी चुणते.

सुईदोरा_आर्वी
लांबीचा हिशेब पटला, उद्या बैठकीत मांडते. एक राहिलं. दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू होते, तेव्हा शिवायला कोणी नसते, अन् गोधड्या तर लोक हिवाळ्यातच मागतात. अन् काही जण आजीची, आईची पातळं आणून देतात, त्याचं काय करायचं?

कपाशीकाठ
हिवाळ्याचा माल फेब्रुवारी ते मे मध्येच शिवून ठेवायचा. वर्धा-यवतमाळकडे वेचणी उरकली की हात मोकळे होतात. भंडारा-गोंदियाकडे मे मध्ये तेंदूपत्ता आणि जुलैत धानाचा रोवणा (लावणी) लागतो, तिकडच्या गटांना मार्च-एप्रिलच मिळतात. मे मध्ये सकाळी ७ ते ११ बसा. दुपारी घामाच्या हाताला सुई सरकते आणि फिक्या कापडावर डाग पडतात.

शिवलेला माल पावसाळाभर सांभाळणं हे खरं काम. पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. पेटी जमिनीवर नको, विटांवर ठेवा. कडुनिंबाचा पाला वाळवून फडक्यात बांधून ठेवा, ओला पाला घातला तर तोच बुरशी आणतो. ऊन पडेल त्या दिवशी घड्या मोडून उलट्या घाला, नाही तर घडीच्या रेषेवर कापड कुजते. उंदरासाठी पत्र्याची पेटीच, बारदान नाही.

हिशेबवही
आठवणीची पातळं आली तर कात्री लावण्याआधी अंथरून फोटो काढा, वहीत नग लिहा, कोणतं वर आणि कोणतं आत ते गिऱ्हाइकाकडून ठरवून घ्या. विरलेलं असेल तर तेव्हाच दाखवा. रंग जाणारं निघालं तर त्याच्याच घरच्या पांढऱ्या फडक्यावर घासून दाखवा आणि बाजूला ठेवा. उरलेला कपटासुद्धा परत द्या, लोक मागतात. कापड त्यांचं असलं तरी मजुरी तीच, उलट तयारीचे तास जास्त धरा.

देताना धुण्याचं तोंडी सांगू नका, चिठ्ठी टाचा: थंड पाणी, पिळायची नाही, एका दोरीवर टांगायची नाही. ओल्या गोधडीचं वजन त्या एका रेषेवर येते आणि टाके तुटतात. बाजेवर पसरून किंवा दोन दोऱ्यांवर टाकून वाळवायची.